रात्रीचं काहीतरी साधंच

पुणे शहरात घरी होणारे रात्रीचे जेवण दोन प्रकारचे असते. एक साधे, आणि दुसरे पाहुणे येणार असतानाचे साधे. दुसऱ्या प्रकारात मसालेभात, मठ्ठा, बटाट्याची भाजी, दोन चटण्या आणि श्रीखंड असते, आणि वाढताना ‘काही नाही हो, घरचंच साधं केलंय’ असे म्हणण्याची पद्धत आहे. इथे विचार पहिल्या प्रकाराचा करायचा आहे. चार-पाच माणसांचे कुटुंब, आठवड्यातला मधलाच कुठलातरी वार, संध्याकाळचे साडेसात, आणि तासाभरात सगळ्यांच्या पानात काहीतरी गरम पडले पाहिजे अशी परिस्थिती.

या जेवणाचे पदार्थ ठरलेले आहेत. मुगाची खिचडी, पिठले-भाकरी, थालीपीठ, वरणफळे, मऊ भात आणि मेतकूट, कधी धिरडी, कधी नुसता आमटी-भात. यांतला एकही पदार्थ गॅसवर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहत नाही. त्यामुळे हे जेवण सोपे समजले जाते. असे समजणारी मंडळी बहुधा बाहेरच्या खोलीत बसलेली असतात.

स्वयंपाकाची सुरुवात निर्णयाने होते, आणि सगळ्यांत जास्त वेळ तिथेच जातो. ‘रात्री काय करू?’ हा प्रश्न दुपारी चारच्या चहाबरोबर विचारला जातो. त्याला ‘काहीही कर’ असे उत्तर येते. हे उत्तर खरे मानून कामाला लागणे धोक्याचे, कारण पुढची बोलणी अशी होतात:

‘खिचडी टाकू?’

‘परवाच झाली ना.’

‘मग पिठलं?’

‘रात्रीचं बेसन जड पडतं.’

‘उपमा?’

‘उपमा काय जेवण आहे का?’

‘मग तूच सांग.’

‘अगं, काहीही कर. मी कुठे काय म्हणतोय?’

ज्या घरातली दोघेही हिंजवडीला नोकरी करतात तिथे हीच बोलणी फोनवर, वाकडच्या पुलाजवळ गाडी खोळंबलेली असताना होतात. तिथली वाहतूक इतकी सवड देते की खिचडी नाकारून, बिर्याणीपर्यंत जाऊन, पुन्हा खिचडीवर परत येता येते. मोबाइलवरून हॉटेलातले मागवण्याचा विचारही वाटेत एकदा होऊन जातो. तो बारगळतो तो पैशांमुळे नव्हे. कुठल्या हॉटेलातले मागवायचे यावर एकमत होईपर्यंत खिचडी शिजून, जेवून, हात धुऊन झालेले असतात.

निर्णयात भिंतीवरच्या दिनदर्शिकेचाही वाटा असतो. जयंतराव साळगावकरांचे ‘कालनिर्णय’ १९७३ सालापासून मराठी स्वयंपाकघरात टांगलेले आहे. त्याच्या पानांच्या मागच्या बाजूला पाककृती छापतात, पण रात्रीचे जेवण ठरते ते पुढच्या बाजूवरून. सोमवारी सासूबाईंचा उपास, गुरुवारी सुनेचा, शनिवारी सासऱ्यांचा. आणि उपास सोडायचा तर पानात वरण-भात हवाच, खिचडीवर तो सुटला असे धरत नाहीत. एकादशीला भगर आणि दाण्याची आमटी. चातुर्मासात काही घरांत कांदा-लसूण बंद, त्यामुळे पिठल्याची अर्धी चव जाते आणि उरलेल्या अर्ध्या चवीबद्दल चार महिने बोलणे चालते. संकष्टीला तर जेवणाची वेळच चंद्राच्या हाती. वद्य चतुर्थीचा चंद्र साडेआठ-नऊच्या पुढेच उगवतो. श्रावणात पुण्याच्या ढगांमधून तो दिसत नाही, म्हणून ‘कालनिर्णय’मध्ये गावोगावच्या चंद्रोदयाच्या ज्या वेळा देतात त्या पाहून छापील चंद्रावर भागवतात. मुले तोपर्यंत बिस्किटांचा पुडा संपवून जेवायला नको म्हणण्याच्या तयारीत असतात.

पदार्थ ठरला की वीस मिनिटांचा स्वयंपाक सुरू होतो. ही वीस मिनिटे मोजताना सुरुवात कुठून धरायची, हा कळीचा मुद्दा आहे. थालीपिठाचे उदाहरण घ्यावे. परातीत भाजणी काढायची, कांदा-कोथिंबीर, तिखट-मीठ घालून भिजवायची, थापायची, तव्यावर टाकायची. काम खरोखर वीस मिनिटांचे. पण भाजणी डब्यात होती म्हणून. तिच्यासाठी तांदूळ, ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धणे आणि जिरे, प्रत्येक जिन्नस वेगवेगळा आणि मंद आचेवर भाजावा लागतो. एकत्र टाकले की जिरे करपते आणि ज्वारी कच्ची राहते. मग ते सगळे गार करून गिरणीत न्यायचे, आणि आपले धान्य कुठल्या धान्यावर दळायचे हे गिरणीवाल्याला बजावून सांगायचे. तो मान डोलावतो. मान डोलावण्याचा आणि दळण्याचा संबंध घरी डबा उघडल्यावर कळतो.

मेतकुटाची कथा हीच, फक्त त्यात मोहरी, मेथी, सुंठ, हिंग आणि हळद वाढते. गोड्या मसाल्यात धणे, तीळ, सुके खोबरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र, नागकेशर आणि दगडफूल असते. यांतले बहुतेक जिन्नस थोड्या थोड्या तेलावर एकेक करून परतावे लागतात. दगडफूल हे नावाप्रमाणे फूल नाही, ते दगडांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारे शैवाक आहे. हे समजल्यावरही आमटीचा वास कमी झालेला नाही. दाण्याच्या कुटासाठी दाणे भाजून, चोळून, टरफले पाखडावी लागतात. हे काम बाल्कनीत करण्याचा प्रघात असल्याने ती टरफले खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातात, आणि त्यातून सोसायटीच्या वार्षिक सभेला एक विषय मिळतो. खिचडीवरचे तूपही आयते नसते. म्हशीच्या दुधाची साय आठवडाभर साठवायची, विरजण लावायचे, घुसळायचे, लोणी काढायचे, कढवायचे, आणि कढवताना दारावरची बेल वाजली तर ते करपू द्यायचे. शिवाय लोणचे एप्रिल-मे महिन्यांतले, कुरडया-पापड त्याच उन्हातले.

या हिशेबाने एका साध्या थालीपिठाला वीस मिनिटे आणि साधारण सहा महिने लागतात.

सगळे घरी, अगदी मुळापासून करायचे म्हटले तर ते मूळ नक्की कुठले, यावर शहरात एकमत नाही. हुकमीचंद चोरडिया यांनी १९६२ साली प्रवीण मसालेवाले हा व्यवसाय उभा केला, आणि पुढे पुण्यातल्या घरांना तयार मसाल्याची सवय लागत गेली. आता एक उतरंड तयार झाली आहे. जी तयार मसाला आणते तिची, घरी मसाला भाजणारी कीव करते. तिची, खोबरेही घरी वाळवणारी करते. तिची, कोकणातून स्वतःच्या वाडीतले नारळ आणणारी करते. पिठाबाबतही हीच तऱ्हा. पिशवीतले पीठ आणणारी सर्वांत खाली, गहू निवडून दळून आणणारी मध्ये, आणि घरघंटीवर घरीच दळणारी वर. तिच्या घरघंटीच्या आवाजामुळे बाकीच्या दोघी तिच्याशी बोलत नाहीत. या उतरंडीच्या शिखरावर कोणीही पोचलेले नाही. फोडणीतला हिंगच आड येतो. हिंग हा एका झाडाच्या मुळातून पाझरणारा डिंक, आणि भारतात तो मुख्यतः अफगाणिस्तानातून येत आला आहे. देशात त्याची लागवड हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाली. ‘आमच्याकडे सगळं घरचं’ असे सांगणाऱ्या घरातही निदान चिमूटभर आमटी परदेशची असते.

भाजीचे कामही सोप्यातच धरतात. महात्मा फुले मंडईची दगडी इमारत १८८६ सालची, आणि तिथे जाऊन भाजी आणणे हे मध्यवस्तीत अजून मानाचे समजले जाते. उपनगरांत कोपऱ्यावरच्या गाडीवर भागते. पद्धत दोन्हीकडे एकच: पावशेर भेंडी घ्यायची आणि वर कढीपत्ता तसाच मागायचा. रात्रीच्या साध्या जेवणासाठी मेथी आणण्याची चूक मात्र नवखी माणसेच करतात. मेथी शिजायला दहा मिनिटे आणि निवडायला एक संपूर्ण मालिका जाहिरातींसकट लागते. शिवाय परातभर दिसणारी जुडी कढईत बसून वाटीभर होते, आणि घरातला प्रत्येकजण ‘एवढीच?’ असे विचारतो. निवडताना यांतले कोणीही जवळपास नसते.

कुकर हे या जेवणाचे मुख्य यंत्र. प्रेस्टिज आणि हॉकिन्स ही दोन्ही नावे १९५९ पासूनची. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी शंभर अंशांना न उकळता अठ्ठ्याण्णवलाच उकळते, म्हणजे तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजवायला पुणेकराला मुंबईकरापेक्षा किंचित जास्त वेळ लागतो. शहराच्या स्वभावाबद्दल जे काही बोलले जाते त्यात ही बाब कोणी लक्षात घेत नाही. कुकरमध्ये वाफेचा दाब वाढून तापमान एकशेवीस अंशांच्या आसपास जाते आणि हा भेदभाव मिटतो. तळाला पाणी, त्यात भांडे काळे पडू नये म्हणून लिंबाचे पिळून उरलेले साल, खालच्या भांड्यात डाळ, वर तांदूळ, सर्वांत वर दोन बटाटे. ही मांडणी घरोघरी सारखी आहे.

सारखी नाही ती शिट्टी. कुकरबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत पूर्ण दाब आल्यावर गॅस बारीक करून किती मिनिटे ठेवायचे ते लिहिलेले असते. ती पुस्तिका वॉरंटी कार्डाबरोबर कपाटात सुखरूप असते. स्वयंपाक शिट्ट्यांवर चालतो. एका घरात वरण तीन शिट्ट्यांत होते, शेजारी पाच लागतात, आणि दोन्ही घरे एकमेकांच्या डाळीबद्दल साशंक असतात. शिट्ट्या मोजण्याचे काम बाहेरच्या खोलीकडे सोपवतात. ‘तीन झाल्या की बंद करा’ एवढी सूचना असते. दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये क्रिकेटचे एक षटक पडले की मोजणी बिघडते. मग पहिली शिट्टी खरी धरायची की नुसतीच फुसकी होती, यावर दोन मते पडतात, आणि डाळ तोपर्यंत पाचव्या शिट्टीला पोचते.

फोडणीला मात्र वाद चालत नाही. तेल तापले की मोहरी. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन ती तडतडते, आणि तडतडायचे थांबेपर्यंत थांबावे लागते. मग जिरे, हिंग, कढीपत्ता, शेवटी हळद-तिखट आणि लगेच डाळ किंवा पाणी, नाहीतर तिखट जळते. पूर्ण प्रकार मिनिटभराचा. नेमक्या याच मिनिटात आतून कोणीतरी टॉवेल कुठे आहे असे विचारते. जळलेल्या तिखटाचा ठसका घरभर पसरला की टॉवेल ज्याचा त्याला सापडतो.

आता एकेका पदार्थाकडे. मुगाची खिचडी ही सर्वांत सोपी. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, फोडणी, पाणी, कुकर. दुखणाइतापासून प्रवासातून आलेल्यापर्यंत सगळ्यांना चालते, आणि त्यामुळेच धडधाकट माणसाला ती वाढली की आपल्याला काय झालेय असे त्याला वाटते. खिचडी एकटी वाढण्याची रीत नाही. तिच्याबरोबर कढी लागते. कढी आहे तर पापड हवा. पापड तळायला तेल तापवलेच आहे तर चार कुरडया. लोणचे बरणीत असतेच, पण ‘काहीतरी ओलं तोंडी लावायला’ म्हणून काकडीची कोशिंबीर होते, कोशिंबिरीला कूट लागते, कूट संपलेले असते. अशा रीतीने एका भांड्यात होणारा पदार्थ साडेनऊला पूर्ण होतो.

पिठल्याचे तसे नाही. बेसन गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवले आणि कांद्याच्या फोडणीत सोडून ढवळले की दहा मिनिटांत पिठले झाले. अडचण भाकरीची. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ कढत पाण्यात मळावे लागते आणि लाटण्याऐवजी थापावे लागते. ज्यांना हे येते त्यांना ते कसे येते हे सांगता येत नाही. ज्यांना येत नाही त्यांच्या भाकरीला कडेने चिरा पडून तिच्यावर महाराष्ट्राचा नकाशा तयार होतो; विदर्भ बहुतेक वेळा तव्यातच राहतो. म्हणून पुष्कळ पुणेकर पिठले-भाकरी खायला रविवारी सिंहगडावर जातात. पायथ्यापासून तास-दीड तास घामाघूम होऊन चढायचे, घरी दहा मिनिटांत होणारे पिठले पैसे देऊन खायचे, वर मडक्यातले दही घ्यायचे, आणि अशी चव घरी येत नाही असे घरच्यांच्या देखत सांगायचे.

वरणफळे अलीकडे पुन्हा वर आली आहेत. काही भागांत यांना चकोल्या म्हणतात. कणकेची पोळी लाटून तिची कापे चिंच-गुळाच्या उकळत्या आमटीत सोडतात. डाळही आत, पोळीही आत, त्यामुळे भात-भाजी काहीच वेगळे करावे लागत नाही. वीस वर्षे हा पदार्थ ‘काही नव्हतं म्हणून केलंय’ या सदरात होता. मग एका पिढीतल्या आयांना शोध लागला की याला मराठी पास्ता म्हटले की मुले मागून खातात. आजीला हे नाव आवडत नाही, पण ताट रिकामे होते म्हणून ती गप्प बसते.

थालीपिठाची तयारी वर आलीच आहे. त्याचा खरा प्रश्न वाढण्याचा आहे. ते एका वेळी एकच होते, गरमच खायचे असते आणि वर लोण्याचा गोळा विरघळताना दिसला पाहिजे अशी खाणाऱ्यांची अट असते. पाच माणसांना दोन-दोन म्हणजे दहा वेळा तवा. करणारी व्यक्ती शेवटपर्यंत गॅसपाशी उभी राहते. ‘तू पण बस ना आमच्याबरोबर’ असे तिला दर दोन थालीपिठांमागे एकदा सांगण्यात येते. हे सांगणारा बसलेला असतो आणि त्याचे ताट पुढे केलेले असते. धिरडी, घावन, आंबोळ्या यांनाही हाच नियम लागू पडतो.

पोळ्यांबद्दल मात्र शहराने व्यवहारी तोडगा काढलेला आहे. जवळजवळ प्रत्येक गल्लीत एक पोळी-भाजी केंद्र आहे, आणि त्याच्या पाटीवर ‘घरगुती’ हा शब्द सर्वांत मोठ्या अक्षरात असतो. तो खोटा नाही. पोळ्या कोणाच्या तरी घरीच झालेल्या असतात. त्या आपल्या डब्यात घालून आणल्या, रुमालात गुंडाळल्या आणि तव्यावर एकदा फिरवून तूप लावले की आपल्याही घरच्या होतात. भाजी घरी केलेली असली तर हे जेवण पूर्णपणे घरचे धरले जाते, आणि वरण घरी केलेले असले तरीही धरले जाते. केंद्रावर सुटे पैसे लागतात. साडेआठनंतर ‘पोळ्या संपल्या’ ही पाटी लागते, आणि तिच्याकडे पाहत दोन मिनिटे उभे राहिल्यानेही पोळ्या येत नाहीत. मग घरी फोन जातो आणि भात वाढवला जातो.

ज्याला काहीच येत नाही त्याच्यासाठी पुस्तके आहेत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचे. मराठीतल्या सर्वांत जुन्या छापील पाकपुस्तकांत त्याची गणना होते. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणी-मित्र’ने १९१० मध्ये हजार पाकक्रिया दिल्या. रोज एक धरली तरी पावणेतीन वर्षे कोणाला ‘काय करू?’ असे विचारावे लागायला नको होते. तरीही विचारले गेलेच. मग १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले. त्यात मापे वाटी आणि चमच्याची होती, म्हणजे कुठल्याही घरात ती मिळणार होती. पुस्तक इतके खपले की कमलाबाईंना सव्वा लाख सुनांची सासू म्हटले जाऊ लागले. लग्न ठरलेल्या मुलीला ‘रुचिरा’ देण्याची चाल पडली. ज्याच्याशी तिचे लग्न ठरले त्यालाही एक प्रत द्यावी, हे त्या काळात कोणाला सुचले नाही.

पण साधे जेवण पुस्तकात बघून करणे कमीपणाचे मानतात. ते आईला फोन करून शिकायचे असते, आणि आईची मापे वेगळी असतात. कणीक मावेल तेवढी, पाणी पीठ घेईल तेवढे, मीठ अंदाजाने. न्यू जर्सीतली मुलगी उन्हाळ्यात तिथल्या संध्याकाळी साडेसातला फोन करते तेव्हा पुण्यात पहाटेचे पाच वाजलेले असतात.

‘आई, बेसन किती वेळ परतू?’

‘वास सुटेपर्यंत.’

‘कसला वास?’

‘अगं, सुटला की कळतो.’

‘आणि सुटलाच नाही तर?’

‘मग नाही झालं अजून.’

यापेक्षा अचूक सूचना मराठीतल्या कुठल्याही पाकपुस्तकात मिळत नाही, आणि ती पाळता येते असेही नाही.

पुरुषांचा या जेवणातला सहभाग हा वेगळा विषय आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर घराघरांतून वेळेचा हिशेब घेतला. घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी, इतका भरला. पुरुषांचा ९७ मिनिटे. हा आकडा जे पुरुष अशी कामे करतात त्यांच्यापुरता, आणि तसे पुरुष शंभरात २६ निघाले. हे आकडे पुण्यातल्या पुरुषाला दाखवले असता तो आधी पाहणीच्या पद्धतीवर शंका घेतो, आणि मग कुकरच्या शिट्ट्या मोजणे त्यात धरले होते का असे विचारतो.

जो करतो तो मनापासून करतो, हे मान्य केले पाहिजे. तो बहुधा सुट्टीच्या दिवशी करतो. त्याला सगळ्या वस्तू आधी मांडून हव्या असतात. जिरे कुठले आणि बडीशेप कुठली, मिसळणाच्या डब्यातली हळद हीच का, कढले म्हणजे काय, हे प्रश्न तो आतून एकेक करून विचारतो, त्यामुळे बाहेर बसून विश्रांती घेणाऱ्या व्यक्तीला तिसऱ्या प्रश्नानंतर आत येऊन उभे राहणे सोपे पडते. कांदा तो मापात आणि सुरेख चिरतो. ओट्यावरची सगळी भांडी वापरली जातात. जेवण चांगले होते. ते चांगले झाले हे मात्र पहिल्या घासाला, मधे एकदा आणि नातेवाईकांना फोनवर, असे तीनदा सांगावे लागते. ज्या घरांत दोघेही रोज आळीपाळीने करतात तिथे हे काही घडत नाही. तिथे दोघांनाही ‘काय करू?’ हा प्रश्न पडतो आणि दोघेही ‘काहीही’ म्हणतात.

वाढण्याचा भाग थोडक्यात. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजव्या बाजूला भाजी-आमटी ही रीत साध्या जेवणातही पाळतात, निदान ताट टेबलावर असेपर्यंत. टीव्हीपुढे मांडीवर ताट आले की डावे-उजवे राहत नाही.

उरलेल्याचे शास्त्र याहून मोठे आहे. भात उरला तर सकाळी फोडणीचा भात, पोळी उरली तर फोडणीची पोळी किंवा गूळ-तूप घालून लाडू, आमटी उरली तर तिच्यात पीठ मळून दशम्या-धपाटी, खिचडी उरली तर तिचेही थालीपीठ होते. भाजी दोन चमचे उरते, आणि ती टाकवत नाही म्हणून छोट्या वाटीत झाकून फ्रिजमध्ये जाते. तिथे अशा वाट्यांची वस्ती असते. तिसऱ्या दिवशी त्या वाटीचा वास घेऊन, घरातल्या दुसऱ्या माणसाला वास घ्यायला लावून, निश्चिंत मनाने ती टाकून देतात. पहिल्याच रात्री टाकली असती तर अन्न वाया गेले असते.

शेवटचे काम भांड्यांचे. एका भांड्यात होणाऱ्या खिचडीच्या मागे कुकर, कढले, कढीचे पातेले, रवी, तळणीची कढई, झारा, किसणी, पाच ताटे आणि दहा वाट्या निघतात. ती सकाळी येणाऱ्या मावशी घासतात. जेवण साधे होते की कसे, हे त्यांना कोणी विचारलेले नाही. त्यात दुरुस्तीच्या कामासाठी महापालिका अधूनमधून गुरुवारी पाणी बंद ठेवते, म्हणून त्या बुधवारी रात्री निदान वरणफळेच करावीत. आणि वाचकांनी एवढे जरूर करावे: खिचडी झाली असेल तर झोपण्यापूर्वी कुकर पाणी घालून भिजत ठेवावा. वाळलेली खिचडी खरवडायला ती शिजायला लागते त्याहून जास्त वेळ लागतो.